पारवा: कड्यावरचा, ढाबळीतला आणि गॅलरीतला

पारवा हा मुळात कड्याचा पक्षी. कावळ्यासारखा तो झाडाच्या शेंड्यावर घरटे रचत नाही. खडकातली कपार, लेण्याचे छत, पडक्या तटबंदीतले भोक, खोल विहिरीच्या भिंतीतला कोनाडा एवढीच त्याची मागणी असते. चार काड्या टाकल्या की त्याचे घरटे झाले. सकाळी थव्याने शेतात उतरायचे, सांडलेले दाणे टिपायचे आणि दिवस कलला की पुन्हा कपारीत परतायचे, हा त्याचा नेम. सह्याद्रीच्या कुठल्याही गडावर पाण्याच्या टाक्यांच्या बाजूला किंवा उभ्या कातळाशी थोडा वेळ शांत बसले, की त्याचे घुमणे कानावर येते. निळसर राखाडी अंग, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी, पंखावर दोन ठळक काळे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला काळी कड, हे त्याचे मूळ रूप. भूमध्य समुद्राच्या काठापासून पश्चिम आशियामार्गे भारतापर्यंत तो पसरलेला आहे. १७८९ मध्ये ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने त्याला कोलंबा लिव्हिया हे शास्त्रीय नाव दिले. युरोपातल्या पारव्याच्या पाठीचा शेपटीकडचा भाग पांढरा असतो. आपल्याकडच्या उपजातीचा तोच भाग राखाडी असतो.

या एका नावाखाली आज तीन वेगळी आयुष्ये जगली जातात. पहिला हा कड्यावरचा रानटी पारवा. दुसरा माणसाने हजारो वर्षे ढाबळीत ठेवून, निवडून, जोड्या लावून घडवलेले पाळीव कबूतर. तिसरा त्या ढाबळीतून सुटलेल्यांचा वंशज, जो आपल्या गॅलरीत, रेल्वे फलाटाच्या तुळयांवर आणि एसीच्या यंत्रामागे राहतो. पारव्यांवरून आज जी भांडणे होतात, त्यांत हे तिघे सरसकट एकच धरले जातात. कोणी म्हणतो, तो निसर्गाचा घटक आहे, त्याला हात लावू नका. कोणी म्हणतो, ती उडणारी घूस आहे, संपवून टाका. माझे म्हणणे असे, की शहरातला पारवा हे माणसाने पाळलेले आणि मग मालकीविना सोडून दिलेले जनावर आहे. त्याच्या संख्येची, त्याच्या हालांची आणि त्याच्यामुळे होणाऱ्या आजारांची जबाबदारी म्हणून आपल्याकडे येते. ती समजून घ्यायची तर या पक्ष्याचा प्रवास मुळापासून पाहावा लागतो.

त्याच्या यशाचे सर्वांत मोठे कारण त्याच्या गळ्याशी असलेल्या अन्नपिशवीत आहे. दाणे खाणारे बहुतेक पक्षी पिल्लांना मात्र किडे भरवतात. वाढत्या पिल्लाला प्रथिने लागतात आणि ती नुसत्या दाण्यातून भागत नाहीत. चिमणी हे त्याचे ओळखीचे उदाहरण. किडे मिळेनासे झाले की चिमणीची पिल्ले वाचत नाहीत. पारव्याने या अडचणीवर वेगळा मार्ग काढला आहे. पिल्ले अंड्यातून बाहेर येण्याच्या सुमारास नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपिशवीचे आतले अस्तर जाड होऊ लागते. त्यातून पनीरच्या चुऱ्यासारखा, प्रथिने आणि स्निग्धांशाने भरलेला एक पदार्थ सुटतो. पहिले काही दिवस पिल्ले केवळ त्यावर वाढतात. याला पारव्याचे दूध म्हणतात आणि ते म्हणणे चुकीचे नाही. ज्या संप्रेरकामुळे सस्तन प्राण्यांत दूध तयार होते, तेच प्रोलॅक्टिन इथेही काम करते. १९३० च्या दशकात ऑस्कर रिडल या अमेरिकी शास्त्रज्ञाने या संप्रेरकाला नाव दिले, तेव्हा त्याची परीक्षा पारव्याच्या अन्नपिशवीवरच घेतली जात होती.

याचा परिणाम फार दूरवर पोचतो. पारव्याला पिल्ले वाढवण्यासाठी पावसाची, किड्यांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही. दाणा मिळत राहिला की बाराही महिने विणीचे. एका खेपेला दोन अंडी, सतरा ते एकोणीस दिवस उबवण, महिन्याभरात पिल्ले उडायला तयार. आणि पहिली पिल्ले घरट्यात असतानाच पुढची अंडी घालायला मादी मोकळी, कारण भरवायला नर आहेच. शहरातली एखादी जोडी वर्षाला चार-पाच खेपा सहज करते. पुढे या लेखात जे जे येणार आहे, ते या एका शरीररचनेतून आलेले आहे.

माणसाने त्याला पाळले तेही याचसाठी. पश्चिम आशियात पहिली शेती उभी राहिली, तिथलेच कडे या पक्ष्याचे घर होते. धान्याच्या खळ्यावर तो आपण होऊन आला. त्याला भिंतीत मडकी बसवून दिली, कोनाडे ठेवले, की तो तिथे राहू लागला. किमान काही हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. पिल्लांचे मांस मिळे आणि खत मिळे. इराणमध्ये इस्फहानच्या आसपास अजूनही मातीचे उंच गोल मनोरे उभे आहेत, आत हजारो कोनाड्यांची जाळी. त्या मनोऱ्यांत पारवे राहत आणि तळाशी साठलेली विष्ठा टरबुजाच्या मळ्यांना जाई. ज्या विष्ठेवरून आज सोसायट्यांच्या बैठकीत आवाज चढतात, तिच्यासाठी लोकांनी एके काळी वास्तू बांधल्या. या साऱ्या काळात माणूस निवड करीत होता. जी जोडी जास्त अंडी घालते ती ठेवायची, जी माणसाला बिचकत नाही ती ठेवायची. भरभर वीण आणि निर्भयता, शहरातल्या पारव्याचे हे दोन्ही गुण आपल्याच पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या जोपासलेले आहेत.

पोटाची सोय झाल्यावर शौक आला. भारतात या शौकाला राजाश्रय होता. अकबराच्या दरबारात वीस हजार कबुतरे होती, इराण आणि तुराणच्या राजांकडून दुर्मीळ जोड्या भेट येत, आणि या छंदाला अबुल फजलने आइन-ए-अकबरीत ‘इश्कबाजी’ म्हणून नोंदवले आहे. पिसाऱ्यासारखी शेपटी फुलवणारा लक्का, डोके हलवले की जमिनीवर कोलांट्या घेत सुटणारा लोटन, मान सतत थरथरवणारा मुखी, तासन्‌तास आभाळात राहणारा गिरेबाज, या जाती इथल्या शौकिनांनी जपल्या. जुन्या दिल्लीत, आग्र्यात, लखनौत आजही संध्याकाळी गच्च्यांवरून शिट्ट्या ऐकू येतात आणि थवे परततात. हा शौक गरिबाच्या गच्चीवरही तितक्याच जिवाने केला गेला, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. जगभरात आज पाळीव कबुतरांच्या साडेतीनशेहून अधिक जाती मोजल्या जातात. एकीचे पाय पिसांनी झाकलेले, दुसरीची चोच इतकी आखूड की तिला स्वतःच्या पिल्लांना भरवता येत नाही. हा दुसरा प्रकार मात्र शौकाची हद्द ओलांडणारा आहे.

या जातींमुळेच पारवा विज्ञानाच्या इतिहासात जाऊन बसला. चार्ल्स डार्विनने १८५५ च्या सुमारास केंट परगण्यातल्या आपल्या घरी कबुतरे पाळायला सुरुवात केली. लंडनमधल्या दोन कबूतर-मंडळांचा तो सभासद झाला. तिथे जमणाऱ्या साध्यासुध्या शौकिनांकडून तो मनापासून शिकला. देशोदेशीची कातडी त्याने मागवली. त्यांत भारतातून सर वॉल्टर एलियट या मद्रासच्या अधिकाऱ्याने पाठवलेली कातडी महत्त्वाची होती, आणि ऋण मानताना डार्विनने त्याचे नाव घेतले आहे. अकबराच्या वीस हजार कबुतरांचा उल्लेखही डार्विनच्या ग्रंथात आहे.

त्याचा प्रश्न असा होता: इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या जाती अनेक रानटी पूर्वजांपासून आल्या, की एकाच? बहुतेक शौकीन ‘अनेक’ म्हणत. डार्विनने एक संकर करून पाहिला. पूर्ण पांढरे लक्के आणि पूर्ण काळे बार्ब जातीचे पक्षी यांची जोडी लावली. पिल्ले तपकिरी-काळी, ठिपक्यांची निघाली. त्यांची आपसात पुन्हा जोडी लावली, आणि एका नातवंडाचे अंग निळे, पाठीचा मागचा भाग पांढरा, पंखावर दोन काळे पट्टे, शेपटीला काळी पट्टी असे निघाले. आजा पांढरा, आजी काळी आणि नातू थेट कड्यावरचा पारवा. ढाबळीतल्या सगळ्या रूपांच्या आत एकच रानटी पूर्वज दडलेला आहे, याचा इतका देखणा पुरावा दुसरा क्वचितच असेल. भारतीय उपजातीचा हा भाग निळसर असतो, हेही त्याने तिथेच टिपून ठेवले. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात कबुतरे आहेत, कारण माणसाची निवड काय करू शकते हे वाचकाला आधी पटवले की निसर्गाची निवड समजावणे सोपे जाते. पुस्तकाचे हस्तलिखित वाचलेल्या एका संपादकाने तर फक्त कबुतरांवरच लिहावे, ती सगळ्यांना आवडतात, असा सल्ला दिला होता. १८६८ च्या पुढच्या मोठ्या ग्रंथात त्याने कबुतरांना दोन पूर्ण प्रकरणे दिली.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत युटा विद्यापीठातल्या मायकेल शापिरो यांच्या गटाने हे काम जनुकांच्या पातळीवर पुढे नेले. २०१३ मध्ये त्यांनी पारव्याचा जनुकसंच प्रसिद्ध केला. जातोजातीच्या कबुतरांच्या डोक्यावरचा तुरा एकाच जनुकातल्या बदलामुळे येतो, हे त्यातून दिसले. २०१८ चा त्यांचा निष्कर्ष आणखी विलक्षण आहे. दोन पट्ट्यांऐवजी पंखभर ठिपक्यांची चौकट असलेले जे पारवे आपण रोज पाहतो, त्यांचा तो नमुना आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका पारव्याच्या जातीशी पूर्वी कधीतरी झालेल्या संकरातून आलेला आहे. गॅलरीतल्या पक्ष्याच्या पंखावर आफ्रिकेचा वारसा आहे.

निरोप नेणाऱ्या कबुतरांबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या संस्थापकाने १८५० मध्ये ब्रसेल्स आणि आखेन यांच्या दरम्यान तारयंत्राच्या मार्गात राहिलेली फट कबुतरांनी भरून काढली. १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसला सूक्ष्म छायाचित्रांवर उतरवलेली पत्रे कबुतरांनी पोचवली. आपल्याकडे ओडिशा पोलिसांची कबूतर सेवा १९४६ मध्ये कोरापूट जिल्ह्यात, लष्कराकडून मिळालेल्या पक्ष्यांवर सुरू झाली, आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा-खांब कोसळले तेव्हाही ते पक्षी कामी आले. शेकडो किलोमीटरवरून तो घर कसा शोधतो, हे अजून पुरते उलगडलेले नाही. अमेरिकेत विल्यम कीटन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी पक्ष्यांवर लोहचुंबक बसवून सोडले, तेव्हा ढगाळ दिवशी त्यांचा मार्ग चुकला. सूर्य दिसत असला की तेच पक्षी बरोबर परतत. इटलीत पापी यांच्या गटाला वासाचा हात दिसला. पुढे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पक्ष्यांना उपग्रह-नोंदक बांधले, तर ओळखीच्या भागात ते चक्क रस्त्यांच्या कडेकडेने, चौकात वळण घेत उडताना आढळले. एकाच मेंदूत सूर्य, चुंबकत्व, वास आणि नकाशा अशी चार साधने आहेत, आणि हवामान पाहून तो त्यांतले उचलतो. १९९५ मध्ये जपानमध्ये वातानाबे आणि सहकाऱ्यांनी पारव्यांना मोने आणि पिकासो यांची चित्रे वेगळी ओळखायला शिकवले. कधीही न पाहिलेली चित्रेही त्यांनी बरोबर ओळखली. या पक्ष्याला मठ्ठ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता शहराकडे. ढाबळीतून सुटलेले, हरवलेले, सोडून दिलेले पक्षी जगभर शहरांत वसले. उत्तर अमेरिकेत तर पारवा मुळी नव्हताच; सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच वसाहतवाल्यांनी पाळीव म्हणून नेला आणि आज तिथले प्रत्येक शहर त्याने भरले आहे. उंच इमारत म्हणजे त्याच्या दृष्टीने कडाच. सज्जा, एसीच्या यंत्राची पत्र्याची चौकट, स्वयंपाकघराबाहेरचा डक्ट, बंद फ्लॅटची गॅलरी या साऱ्या कपारी. कड्यावर त्याच्यावर शाहीन ससाणा आणि मोरघार यांची नजर असते. शहरात ते मोजकेच. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अनेक वर्षे चाललेल्या एका निरीक्षणात पाठ पांढरी असलेले पारवे बहिरी ससाण्याच्या तावडीत फार क्वचित सापडत असल्याचे दिसले. वळण घेताना चमकणारा तो पांढरा भाग झडप घालणाऱ्याला चकवतो, असे संशोधकांचे म्हणणे. पांढरी आणि निळी पिसे अदलाबदल केली तर फायदाही बदलला. आपल्या पारव्याची पाठ राखाडी आहे. मग सह्याद्रीतल्या शाहीनपुढे तो काय युक्ती वापरतो, हा प्रश्न मला छळतो, आणि एखाद्या मराठी विद्यार्थ्याने तो हाती घ्यावा असे फार वाटते.

भारतात पारव्यांची संख्या वाढते आहे यात शंका उरलेली नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. कित्येक जाती घसरणीला लागल्या असताना जोमाने वाढणाऱ्या मोजक्या पक्ष्यांत शहरी पारवा ठळक आहे. वाढीचे कारण इमारती आहेत तसे दाणेही आहेत, आणि माझ्या मते दाणे आधी. जागा कितीही असली तरी पोटाला नसेल तर वीण थांबते. दाणा आणायला रोज कित्येक किलोमीटर उडावे लागले, तर जोडीची शक्ती त्यात जाते. कोपऱ्यावर पोतीच्या पोती ज्वारी-चणे ओतलेले असले, तर उरलेला दिवस अंडी उबवायला मोकळा.

आरोग्याबद्दल दोन्ही बाजूंनी फार सैल बोलले जाते, म्हणून इथे थांबून नीट मांडतो. पारव्यांमुळे होणारा सर्वांत गंभीर आजार हा जंतुसंसर्ग नव्हे. पिसांवरची बारीक पूड आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जाते, त्यातल्या पक्षी-प्रथिनांविरुद्ध काही माणसांच्या शरीराची प्रतिकारशक्ती पेटून उठते आणि फुफ्फुसाच्या नाजूक वायुकोशांना सूज येते. डॉक्टर याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सुरुवातीला कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, अंगात कणकण, एवढेच. दम्यावर किंवा साध्या खोकल्यावर औषधे चालू राहतात आणि महिने जातात. पक्ष्यांशी संपर्क लवकर तोडला तर बरेच रुग्ण सावरतात. उशीर झाला तर फुफ्फुस तंतुमय होते, आणि तो बदल परतत नाही. अशा माणसाला पुढे घरातही प्राणवायूची नळी लावून बसावे लागते.

हे सर्वांना होते का? नाही. पारव्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या बहुतेकांना होत नाही. ज्यांना होईल ते आधी ओळखता येत नाहीत, ही खरी अडचण आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या इंटरस्टिशियल, म्हणजे फुफ्फुसाच्या ऊतीच्या आजारांच्या नोंदवहीत २७ केंद्रांमधले १,०८४ रुग्ण होते, आणि त्यांपैकी ४७ टक्के रुग्णांना हाच आजार होता. इतर देशांतल्या नोंदींशी तुलना करता हे प्रमाण थक्क करणारे आहे. पण त्याच अभ्यासात या रुग्णांमध्ये सर्वाधिक आढळलेला संपर्क एअर कूलरचा होता. त्याच्या ओल्या ताट्यांवर वाढणारी बुरशी हेही मोठे कारण आहे. पक्षी हे कारणांपैकी एक. जो माणूस सगळा दोष पारव्यावर टाकून घरातला कूलर वर्षानुवर्षे धूत नाही, तो अर्धेच सत्य पाहतो. तितकेच अर्धे सत्य ‘आमच्या आजोबांपासून दाणे घालतो, कुणाला काही झाले नाही’ या वाक्यात आहे. याशिवाय वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही बुरशी वाढते. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना, म्हणजे एचआयव्हीबाधितांना किंवा अवयवरोपण झालेल्यांना, तिच्यापासून मेंदूज्वराचा धोका असतो. गॅलरीतली विष्ठा कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपून भिजवावी, तोंडाला चांगला मास्क बांधावा आणि मग खरवडावी. घरात जुना खोकला असलेले कोणी असेल तर हे काम त्याच्याकडे देऊ नये, आणि डॉक्टरांना ‘आमच्या खिडकीत पारवे असतात’ हे आपण होऊन सांगावे.

पारव्याबद्दलची आपली भावना आजची नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले एक सूक्त घरात आलेल्या कपोताला निर्ऋती या विनाशदेवतेचा दूत मानून त्याच्यापासून रक्षण मागते. महाभारतात शिबी राजा शरण आलेल्या कपोतासाठी स्वतःच्या अंगाचे मांस कापून देतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंत कपोत आहे. बायकोपोरांच्या मोहाने पारध्याच्या जाळ्यात स्वतः जाऊन पडणारा हा पक्षी एकनाथी भागवतामुळे मराठी घराघरांत पोचला. भय, दया आणि ममता या तिन्ही भावना जुन्या आहेत आणि खऱ्या आहेत. मुंबईतले कबूतरखाने यांतल्या दयेतून उभे राहिले. जैन आणि गुजराती व्यापारी समाजाची जीवदयेची परंपरा त्यांच्यामागे होती. दादरचा कबूतरखाना १९३० च्या दशकातला, वारसा यादीतला. भुलेश्वर, फोर्टमधले जुने टपाल कार्यालय, अशा ठिकाणीही ते आहेत. विधान परिषदेत सांगितल्याप्रमाणे मुंबईत ५१ कबूतरखाने होते.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने ते बंद करण्याचे आदेश दिले. मुंबई उच्च न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याला प्राधान्य देत दाणे घालणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्यास सांगितले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दादरच्या कबूतरखान्यावर ताडपत्री चढली आणि जमावाने ती फाडून काढली. मग त्याविरुद्ध मराठी संघटना रस्त्यावर उतरल्या. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला, आणि उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तज्ज्ञांची समिती बसली. पुढे पालिकेने मोजक्या जागी, सकाळच्या ठराविक वेळेपुरती तात्पुरती परवानगी दिली. या काळात हा प्रश्न पाहता पाहता भाषेचा आणि धर्माचा झाला. मला त्याचे वाईट वाटते. दाणे घालणाऱ्यांत मराठी माणसे कमी नाहीत, आणि धाप लागलेल्यांत जैन कमी नाहीत. फुफ्फुस आडनाव विचारत नाही.

दया करणाऱ्यांना एक गोष्ट आदराने सांगावीशी वाटते. ओतलेल्या दाण्यावर वाढलेल्या थव्याचे आयुष्य सुखाचे नसते. गर्दीत देवी आणि मान वाकडी करणारे विषाणूजन्य आजार भराभर पसरतात. पहिल्या वर्षातच पिल्लांची मोठी संख्या मरते. शहरातल्या केस-दोऱ्यांत अडकून पायाची बोटे झडलेले पारवे प्रत्येक कबूतरखान्यावर दिसतात. पॅरिसमधल्या एका अभ्यासात अशा लुळ्या पायांचे प्रमाण वस्तीतल्या केशकर्तनालयांच्या संख्येबरोबर वाढत गेलेले आढळले. संक्रांतीच्या मांज्याने तुटलेले पंख आपल्याला ठाऊकच आहेत. जास्त दाणा म्हणजे जास्त पक्षी, आणि जास्त पक्षी म्हणजे जास्त मरणारे पक्षी.

मारून मात्र हा प्रश्न सुटत नाही, आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराचा आहे. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सापळे लावून, गोळ्या घालून सुमारे एक लाख पारवे मारले गेले, आणि तरीही संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. मेलेल्यांची जागा आणि वाट्याचे दाणे उरलेल्यांच्या पिल्लांना मिळत गेले. १९८८ पासून जीवशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकेरनागेल यांच्या पुढाकाराने वेगळी वाट धरली. दाणे घालू नका, त्यामुळे पक्ष्यांचेच हाल होतात, हे नागरिकांना चित्रांसह, पत्रकांतून, पुन्हा पुन्हा समजावले. सोबत देखरेखीखालच्या ढाबळी उभारल्या. तिथे पक्ष्यांना जागा दिली आणि अंडी काढून घेतली. पन्नास महिन्यांत संख्या जवळजवळ निम्मी झाली. जर्मनीत आउग्सबुर्ग शहराने खरी अंडी उचलून खोटी ठेवण्याची पद्धत रुळवली; पक्षी खोट्या अंड्यांवर शांतपणे बसतो आणि वीण पुढे ढकलली जाते. बार्सिलोनात अंडी फलित होऊ न देणारे औषध दाण्यातून दिले जाते. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात २००१ मध्ये दाणे विकणाऱ्याला हटवले, २००३ मध्ये दाणे घालण्यावर बंदी आली. व्हेनिसनेही २००८ मध्ये सेंट मार्क चौकात तेच केले.

या साऱ्यावरून मुंबई-पुण्यासाठी माझा निष्कर्ष सरळ आहे. एका रात्रीत ताडपत्री टाकणे चूक होते. भुकेले थवे आसपासच्या गॅलऱ्यांत शिरणार, हे उघड होते. दाणा टप्प्याटप्प्याने कमी करायला हवा होता, आणि आजही करायला हवा. दवाखाने, शाळा, बाजार यांच्यापासून दूर, पालिकेच्या देखरेखीखाली थोड्या ढाबळी असाव्यात. तिथे ठरावीक मापाने दाणा, रोज धुलाई, पशुवैद्य आणि दर आठवड्याला अंडी उचलणारा माणूस. जीवदयेसाठी आजवर ज्वारीवर खर्च होणारा पैसा या ढाबळींना आणि जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यांना लागला, तर परंपरा मोडत नाही, पुढे जाते. नवी इमारत मंजूर करताना डक्ट आणि एसीच्या जागा जाळीबंद असाव्यात ही अट नकाशातच घालावी. आणि गणना करावी. मोजणी झाल्याशिवाय कोणता उपाय लागू पडला हे कुणालाच सांगता येणार नाही.

या गोंधळात कड्यावरच्या पारव्याची आठवण कुणालाच होत नाही, आणि मला त्याची काळजी जास्त आहे. सुटलेले पाळीव पक्षी जिथे जातात तिथे रानटी थव्यांत मिसळतात आणि संकर होतो. युरोपात शुद्ध रानटी पारवा बहुतेक ठिकाणांहून याच मार्गाने पुसला गेला. २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या विल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन-आयर्लंडच्या पारव्यांचे जनुक तपासले, तेव्हा स्कॉटलंडजवळच्या औटर हेब्रिडीज बेटांवरच्या पक्ष्यांत पाळीव रक्ताची मिसळ जवळजवळ नव्हती. बाकी बहुतेक ठिकाणी ती होती. आपल्या उपजातीबद्दल अशी तपासणी सह्याद्रीत व्हायला हवी. गडाच्या पायथ्यापर्यंत रिसॉर्ट आणि इमारती आल्या आहेत, आणि त्यांच्यामागोमाग शहरी थवेही येतात.

यात वाचकाला करता येण्याजोगे एक काम आहे. गडावर, लेण्यात किंवा जुन्या विहिरीवर पारवे दिसले की थोडे थांबून नीट पाहा. सगळे राखाडी, दोन पट्ट्यांचे आहेत, की काही ठिपक्यांचे, काळपट, पांढरे मिसळलेले आहेत? संख्या, जागा, तारीख लिहून ठेवा, शक्य तर छायाचित्र घ्या आणि ई-बर्डवर नोंदवा. तिथे रानटी रूपाचा पारवा आणि शहरी पारवा असे दोन वेगळे पर्याय आहेत. नोंद करताना कृपया त्यांतला योग्य तो निवडा.